मॉर्फिनची अर्धी गोळी आणि गळ्यातली माळ

प्रश्न थोडक्यात असा. वडील 71 वर्षांचे. प्रोस्टेटचा कर्करोग आता मणक्यात आणि कमरेच्या हाडांत पसरलाय. ट्रॅमाडॉल या वेदनाशामक गोळीने भागेना म्हणून डॉक्टरांनी मॉर्फिनची 10 मिलिग्रॅमची अर्धी गोळी दर चार तासांनी लिहून दिली. चुलते म्हणतात, "ही अफू आहे, एकदा लागली की सुटत नाही, म्हातारा त्यातच जाईल." मेडिकल चालवणारे मेहुणे म्हणतात, अगदीच सहन होईना तेव्हा एखादी द्या. वडील स्वतः माळकरी, गळ्यात माळ असताना अफू खाणार नाही म्हणून अडून बसलेत. गोळ्यांचं पाकीट पाच दिवस कपाटात पडून आहे. द्यावी की नाही?

द्या. घड्याळ लावून द्या आणि पोट साफ राहण्याचं औषधही त्याच दिवशी सुरू करा. उत्तर खरं तर इथेच संपतं. पण घरातल्या तिघांना तीन वेगवेगळ्या गोष्टी पटवायच्या असतील तर तुम्हाला आतली माहिती हवी, म्हणून जरा लांबण लावतो. मी मूळचा भूलतज्ज्ञ. गेली वीसेक वर्षं भूल देणं कमी झालंय आणि वेदनाशमनाची ओपीडीच जास्त चालते.

आधी चुलत्यांचं. त्यांचं अर्धं बरोबर आहे आणि ते मान्य करूनच बोला. "काका, ही अफू नाहीच" असं सांगायला जाल तर पुढचं काहीही ते ऐकणार नाहीत. मॉर्फिन अफूतूनच येतं. मध्य प्रदेशात मंदसौर-नीमच, राजस्थानात चित्तोडगड-प्रतापगड, या पट्ट्यात सरकारी परवान्याने अफूची शेती होते. फुलाच्या पाकळ्या गळल्या की हिरव्या बोंडावर बारीक उभ्या चिरा देतात. त्यातून पांढरा चीक पाझरतो, रात्रभरात तपकिरी होतो आणि सकाळी तो खरवडून घेतात. सगळा चीक सरकारला मोजून द्यायचा असतो. तिथले शेतकरी एका चोराबद्दल हमखास तक्रार करतात, तो म्हणजे पोपट. बोंडांची चटक लागलेले पोपट थवेच्या थवे येतात. पुढे नीमच आणि गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत त्या चिकातून मॉर्फिन, कोडीन वगैरे वेगळं काढतात.

अफूतून मॉर्फिन पहिल्यांदा वेगळं काढलं ते जर्मनीत, 1804 च्या सुमारास. काढणारा फ्रीडरिश झेर्ट्युर्नर नावाचा औषधविक्रेत्याकडे उमेदवारी करणारा विशीतला पोरगा होता. ग्रीक पुराणातल्या स्वप्नांच्या देवावरून त्याने नाव ठेवलं. शंभरेक वर्षांनी त्याच मॉर्फिनवर थोडी रासायनिक कलाकुसर करून बायर कंपनीने 1898 मध्ये खोकल्याचं औषध म्हणून हेरॉइन बाजारात आणलं. आपल्याकडे 'गर्द' म्हणतात ती याच हेरॉइनची भेसळयुक्त भुकटी. तेव्हा खोकल्याच्या बाटलीतलं कोडीन, तुमच्या कपाटातली गोळी आणि गर्दची पुडी ही एकाच घराण्यातली भावंडं, हे खरंच आहे. जाता जाता सांगतो, मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे त्या जमशेटजी जीजीभॉय यांच्या संपत्तीतही चीनला जाणाऱ्या माळव्याच्या अफूचा मोठा वाटा होता. अफू आणि दवाखाना यांचं नातं आपल्याकडे जुनं आहे.

आता वडिलांचं, कारण गोळी शेवटी त्यांनाच गिळायची आहे. असे माळकरी रुग्ण माझ्याकडे बरेच आले. त्यांच्याशी वाद घालू नये, त्यांचा प्रश्न खरा असतो. एका आजोबांना मी विचारलं होतं, "दिवाळीला अनारसे खाता का?" म्हणाले, घरचे असतील तर खातो की. म्हटलं, अनारशावरची खसखस कुठून येते? त्याच बोंडातून. बियांमध्ये नशा नसते, चिकात असते, झाड मात्र एकच. (दुबईला लेकीकडे जाताना हीच खसखस बॅगेत सापडली तर तिथे गुन्हा होतो, हेही लक्षात असू द्या. नातवंडांसाठी अनारशाचं सामान नेणाऱ्या आज्यांना हे कुणी सांगत नाही.) आजोबा हसले, पण पटलं नव्हतं. "विणेकऱ्यांना विचारून सांगतो," म्हणाले. पुढच्या आठवड्यात आले ते निकाल घेऊनच. विणेकऱ्यांनी त्यांना विचारलं होतं, हरिपाठ पुरा होतो का रे? हे म्हणाले, कळ आली की मध्येच थांबतो. त्यावर ते म्हणाले, मग घे गोळी. माळ घालताना आपण नशा सोडतो, औषध सोडत नाही. मला दहा वाक्यांत जमलं नसतं ते त्यांनी दोनात केलं. तुमच्या वडिलांच्या दिंडीतलं असं कुणी वडीलधारं असेल तर त्यांना घरी बोलवा.

नशा होत नाही ती का, तेही सांगतो. दुखणं असलेल्या माणसाला बेताच्या मात्रेत तोंडावाटे दिलेलं मॉर्फिन आतड्यातून हळूहळू रक्तात जातं आणि मज्जारज्जूत-मेंदूत जिथे वेदनेचा निरोप पुढे सरकतो तिथे तो अडवतं. सुरुवातीचे दोन-तीन दिवस पेंग येते. बऱ्याचदा ती निव्वळ औषधाची नसते, कित्येक आठवड्यांची झोपेची थकबाकी माणूस फेडत असतो. त्यानंतर तो जागा असतो, बोलतो, पेपर वाचतो. गर्दुल्ल्याला हवी असते ती झिंग, आणि ती मुख्यतः औषध किती झपाट्याने मेंदूत पोचतं त्यावर ठरते. शिरेत टोचलं किंवा धूर ओढला की ते काही सेकंदांत पोचतं. गोळीला अर्धा-पाऊण तास लागतो. औषध तेच, पण वाट वेगळी, आणि वाटेनेच बराच फरक पडतो.

चुलत्यांचं मुख्य वाक्य "एकदा लागली की सुटत नाही" हे आहे. इथे आपण दोन गोष्टींची गल्लत करतो, डॉक्टरसुद्धा करतात. एक, शरीराला सवय होणं. दोन, व्यसन लागणं.

वडिलांनी महिनाभर मॉर्फिन घेतलं आणि एके दिवशी अचानक बंद केलं तर काय होईल? नाक वाहील, जांभया येतील, अंगावर काटा येईल, पोटात मुरडा, जुलाब, जिवाची तगमग. ही शरीराची सवय. जवळजवळ प्रत्येकाला होते आणि तिचा स्वभावाशी, संस्काराशी काही संबंध नसतो. दम्यासाठी कित्येक आठवडे प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड घेतलेल्या माणसालाही ते एकदम बंद करता येत नाही, पायरी-पायरीने उतरवावं लागतं. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तेच. म्हणून आपण त्या माणसाला स्टिरॉइडचा व्यसनी म्हणतो का? दुखणं कमी झालं, समजा किरणोपचाराचा शेक देऊन हाड शांत झालं, तर मॉर्फिन असंच हळूहळू उतरवता येतं. मी ते अनेकदा उतरवलंय आणि रुग्णाला काही जाणवतही नाही. मात्र एकदम बंद करायचं नाही, आणि गोळ्या संपायच्या चार दिवस आधी पुढची सोय करायची. शनिवारी रात्री पाकीट रिकामं सापडलं की सोमवारपर्यंत घराची जी अवस्था होते ती मी पाहिलेली आहे.

व्यसनाचं चित्र निराळं असतं. मन दिवसभर त्याच वस्तूभोवती घुटमळतं, हातात लगाम राहत नाही, नोकरी-घर-तब्येत जात असलेली दिसत असूनही माणूस घेत राहतो. व्यसनात माणसाचं जग लहान लहान होत जातं. वेदनेवर नीट दिलेल्या मॉर्फिनने ते उलटं मोठं होतं. जो खाटेवरून हलत नव्हता तो ओसरीवर येऊन बसतो, नातवाला शाळेचं विचारतो. घरच्यांनी एवढी एकच खूण पाहिली तरी पुरे.

यात एक फसगत मात्र होते. रुग्ण पाच वाजता देण्याची गोळी साडेतीनला मागायला लागतो, घड्याळाकडे बघत बसतो, चिडतो. घरचे म्हणतात, झालं, लागली सवय. बहुतेक वेळा तिथे मात्रा कमी पडत असते. मात्रा पुरेशी केली की मागणं थांबतं. व्यसनी माणसाची मागणी मात्रा वाढवून कधी थांबत नाही.

मेहुण्यांचा सल्ला आता. "सहन होईना तेव्हाच द्या." मेडिकलवर बसून हा सल्ला शहाणपणाचा वाटतो, पण मॉर्फिनच्या बाबतीत तो सगळ्यात वाईट. साध्या गोळीचा असर साधारण चार तास टिकतो. कळ शिगेला पोचल्यावर गोळी दिली तर चढायला अर्धा-पाऊण तास लागतो, तोवर माणूस तळमळतो, आणि उतरली की पुन्हा पहिला पाढा. असं केल्याने माणसाच्या डोक्यात दोनच गोष्टी उरतात, कळ आणि गोळी. गोळीची आसक्ती निर्माण करायची असेल तर याहून चांगली रीत नाही. घड्याळाप्रमाणे दिली की कळ डोकं वरच काढत नाही आणि गोळी चहा-नाश्त्यासारखी एक साधी गोष्ट होऊन जाते. आमची वेळापत्रकं सहसा सकाळी 6, 10, दुपारी 2, संध्याकाळी 6 आणि रात्री 10 अशी असतात. रात्री दहाला दुप्पट देऊन दोनची टाळायची, म्हणजे कुणाला उठायला नको. तुमच्या डॉक्टरांना हे विचारून घ्या, मनाने दुप्पट करू नका. मधेच कळ आलीच तर जादाची एक गोळी घेण्याची मुभा असते, तिचाही आकडा त्यांच्याकडून लिहून घ्या आणि किती वेळा लागली ते वहीत टिपा. पुढची मात्रा त्यावरूनच ठरते.

एक बाई आठवतात. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग, सून काळजी घेणारी. तीन आठवडे मात्रा वाढवतोय तरी फरक नाही. मला काही कळेना. शेवटी घरी भेट दिली तेव्हा सुनेने देवघरातला कुंकवाचा मोठा करंडा उघडून दाखवला. आत तळाला गोळ्या, काही अख्ख्या, काही अर्ध्या, सगळ्या लालेलाल. आजी रोज एखादीच घ्यायच्या आणि बाकीच्या साठवायच्या. "खरं दुखायला लागेल तेव्हा काय खाऊ?" असा त्यांचा हिशेब. आधीच संपवली तर पुढे औषधच उरणार नाही, ही भीती अनेकांना असते. त्यांना सांगावं लागतं की मॉर्फिनला वरचा ठरीव आकडा नाही. दुखणं वाढलं तर मात्राही वाढवता येते. करंड्यातल्या गोळ्या मी परत घेतल्या. अशा उरलेल्या गोळ्या घरात ठेवू नका, जिथून आणल्या तिथेच परत द्या. घरात किशोरवयीन मुलं असतील तर चालू पाकीटही कुलपात.

दुखणं मोजताना "दहापैकी किती?" असं विचारायला आम्हाला शिकवतात. शहरात ते चालतं. तुमच्या वडिलांना विचारा, "रुपयातले किती आणे दुखतंय?" "काल चौदा आणे होतं, आज सहा आणे" असं उत्तर पटकन येतं आणि ते आकड्यापेक्षा खरं असतं. वहीत आणेच लिहा, डॉक्टरांना कळेल. न कळलं तर त्यांना सोळाचं गणित सांगा.

"म्हातारा त्यातच जाईल" या वाक्याला मुळं आहेत. आपल्याकडे मॉर्फिन सुरूच होतं ते शेवटच्या दोन दिवसांत. मग माणूस दगावला की गोळीचं नाव होतं आणि गल्लीतल्या पुढच्या रुग्णाचं घर गोळी नाकारतं. श्वास मंदावणं हा मॉर्फिनचा खरा धोका आहे, तो मी झाकत नाही. पण थोडक्यापासून सुरू करून बेताबेताने वाढवलं तर तो क्वचित येतो, आणि येण्याआधी माणूस गुंगत जातो. हाक मारूनही नीट जाग येत नाही, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्यात, मिनिटाला आठ-दहापेक्षा कमी श्वास, असं दिसलं तर पुढची गोळी थांबवा आणि तडक दवाखाना गाठा. त्यावर नालोक्सोन नावाचा उतारा असतो. झोपेच्या गोळ्या, अल्प्राझोलामसारख्या चिंतेवरच्या गोळ्या आणि दारू यांच्या जोडीने हा धोका फार वाढतो. शेजाऱ्याने दिलेली झोपेची गोळी तर नकोच.

पहिले चार-पाच दिवस मळमळेल. उलटीचं औषध सोबत दिलेलं असतं, ते नंतर बहुधा लागत नाही. बद्धकोष्ठ मात्र जात नाही. पेंगेची, मळमळीची शरीराला सवय होते, आतड्याला होत नाही. इसबगोल आणि केळी यांवर विसंबू नका, पाणी कमी पिणाऱ्या म्हाताऱ्या माणसात इसबगोलाने उलट गच्च बसतं. आतड्याला ढकलणारं औषध लागतं, सोनामुखी किंवा बिसाकोडिल, जोडीला मल मऊ करणारं. चार दिवस शौचाला न झालेला माणूस "मॉर्फिन मला मानवत नाही" म्हणून ते सोडतो आणि पुन्हा कळांच्या तोंडी जातो. वेदनेच्या ओपीडीत निम्मा वेळ आम्ही शौचाबद्दल बोलतो, पदवी घेताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

वडिलांपुरतं आणखी तीन गोष्टी. प्रोस्टेट वाढून लघवीला अडथळा असेल तर मूत्रपिंडावर ताण असू शकतो, आणि मॉर्फिनचे अवशेष मूत्रपिंडातूनच बाहेर पडतात. मूत्रपिंडाचं काम दाखवणारी क्रिएटिनिनची रक्ततपासणी झालेली नसेल तर करून घ्या. लघवी कमी होऊन झटके येणं, बडबडणं, भास होणं सुरू झालं तर ते साचल्याचं लक्षण, डॉक्टर मग मात्रा किंवा औषध बदलतात. दुसरं, हाडाच्या दुखण्याला एकटं मॉर्फिन पुरत नाही. दुखऱ्या हाडावर किरणोपचाराचा एकच शेक देऊनही अनेकांना काही आठवड्यांत आराम पडतो, त्याबद्दल विचारा. आणि ट्रॅमाडॉल बंद करायचं का तेही विचारा, सहसा दोन्ही सोबत चालवत नाहीत. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. मणक्यात आजार आहे, त्यामुळे पायात अचानक अशक्तपणा, बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटला तर मॉर्फिन वाढवत घरी बसू नका. मज्जारज्जू दाबला जातोय, तासातासाने पाय जातात. रात्र असली तरी निघा.

एवढं सगळं सांगून झाल्यावर वाटेल की हे डॉक्टर व्यसनाला हलकंच घेतात. तसं नाही. माझा सगळ्यात जवळचा अनुभव आमच्याच धंद्यातला आहे. माझ्यापेक्षा चार वर्षांनी धाकटा, हाताला अत्यंत कसबी असा एक भूलतज्ज्ञ. लांबलचक शस्त्रक्रियांना स्वतःहून उभा राहायचा, सहकाऱ्यांच्या रात्रपाळ्या मागून घ्यायचा, आम्हाला त्याचं कौतुक. मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट. भूल देताना वापरतात त्या फेंटानिल या अफूवर्गीय औषधाच्या अँप्युलमधलं रुग्णाला देऊन उरलेलं तो स्वतःला टोचायचा, हे आम्हाला तो एका रात्री स्वच्छतागृहात निळा पडलेला सापडला तेव्हा कळलं. नालोक्सोन हाताशी होतं म्हणून वाचला. तो मूर्ख नव्हता, औषधाबद्दल माझ्यापेक्षा जास्त वाचलेला होता. ताण होता, झोप नव्हती, औषध हाताच्या अंतरावर होतं आणि वाट शिरेची होती. आज तो भूल देत नाही, शिकवतो. त्याला अनेक वर्षं जिभेखाली ठेवायची, व्यसनावरच्या उपचारातली ब्युप्रेनॉर्फिनची गोळी घ्यावी लागली, आणि ती घेणं म्हणजे एक व्यसन सोडून दुसरं धरणं नव्हे हे त्याच्या बायकोला पटवायला आम्हाला वर्ष लागलं.

कर्करोगाच्या गोळीला घाबरणारं घर दुसरीकडे बेफिकीर असतं. कंबर धरली, मायग्रेन उठलं, पोटात खडा सरकला की फॅमिली डॉक्टरकडून एक सुई. ती बऱ्याचदा पेंटाझोसिन या अफूसारख्याच औषधाची असते. आठवड्याला एक, मग दोन, मग घरीच कुणीतरी टोचायला शिकतो. मी अशा मांड्या पाहिल्यात की सुई आत जात नाही, लाकडासारख्या टणक झालेल्या, जागोजागी जखमा. त्या घरात कुणालाही "नार्कोटिक" हा शब्द माहीत नव्हता. ट्रॅमाडॉलचंही तसंच, कंबरदुखीवर वर्षानुवर्षं सहज घेतलं जायचं. 2018 मध्ये तेही अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणावं लागलं. एम्सच्या 2019 च्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात अफूवर्गातला कुठला ना कुठला पदार्थ वापरणारे सुमारे 2 कोटी 26 लाख लोक आहेत, आणि त्यात हेरॉइनच्या खालोखाल औषधी गोळ्या-सुया-सिरप येतात, कच्ची अफू त्यानंतर.

अमेरिकेचं उदाहरण तुमचे मेहुणे देतीलच, म्हणून तेही बघू. 1980 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पाच वाक्यांचं एक पत्र छापून आलं. रुग्णालयात दाखल असताना अफूवर्गीय औषधं दिलेल्या 11,882 रुग्णांपैकी फक्त चौघांना नव्याने व्यसन लागल्याची नोंद, एवढाच मजकूर. रुग्णालयातल्या थोड्या दिवसांपुरता तो खरा असेल. पण 1996 मध्ये पर्ड्यू कंपनीची ऑक्सीकॉन्टिन ही अफूवर्गीय वेदनाशामक गोळी बाजारात आली तेव्हा अशाच आधारावर डॉक्टरांना सांगितलं गेलं की कंबरदुखी-गुडघेदुखीला महिनोन्महिने दिलं तरी चिंता नाही. पर्ड्यू समूहातल्या कंपनीने 2007 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीचा गुन्हा न्यायालयात कबूल केला, तोवर गावंच्या गावं अडकली होती. दीर्घकाळच्या, कर्करोगाशी संबंध नसलेल्या दुखण्यासाठी ही औषधं घेणाऱ्यांचा एक मोठा आढावा 2015 मध्ये आला, त्यात व्यसनाचं प्रमाण साधारण 8 ते 12 टक्के निघालं. दहातला एक. तेव्हा पस्तिशीच्या माणसाला स्लिप डिस्कसाठी कुणी महिनोन्महिने मॉर्फिन लिहून देत असेल, त्यातून घरात दारूचा किंवा व्यसनाचा इतिहास असेल, तर मी स्वतः आडवा पडेन. तुमच्या वडिलांचं गणित ते नाही.

आपल्याकडे उलटं झालं. मुंबई-पुण्यात गर्दने थैमान घातलं तो ऐंशीच्या दशकाचा काळ. पुण्यात डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं ते त्यासाठीच. त्याच वर्षी मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे मरणासन्न कर्करुग्णांसाठीचं देशातलं पहिलं शुश्रूषागृह सुरू झालं. एकाच वर्षी एकाच पदार्थाच्या दोन टोकांवर दोन संस्था उभ्या राहिल्या, पण कायदा फक्त एका टोकाकडे बघून झाला होता. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात किमान शिक्षा दहा वर्षांची, प्रत्येक राज्याचे वेगळे परवाने, त्यातला एक मिळेपर्यंत दुसऱ्याची मुदत संपलेली असायची. दवाखान्यांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1997 साली अख्ख्या देशात वैद्यकीय वापर अवघा 18 किलोवर आला, कायद्याआधीच्या तुलनेत नव्वद टक्क्यांहून जास्त घट. अफूचा कायदेशीर चीक परदेशी पाठवणारा आपला देश आणि आपलेच कर्करुग्ण कण्हताहेत. त्या काळात शिकलेल्या डॉक्टरांच्या पिढ्यांनी, माझ्यासकट, मॉर्फिनची गोळी डोळ्यांनी न पाहता पदवी घेतली. तुमच्या गावातले डॉक्टर ती लिहायला कचरत असतील तर त्यामागे हे आहे. केरळात डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरलं, आणि 2014 च्या दुरुस्तीने मॉर्फिनसह सहा औषधं "अत्यावश्यक" ठरवून नियम देशभर एकसारखे केले. आता मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थेकडे साठा असतो, तिथले प्रशिक्षित डॉक्टर देतात.

म्हणून ती चिठ्ठी जपून ठेवा, प्रवासात गोळ्यांबरोबर न्या. तुमच्याकडे औषध आहे आणि ते कायदेशीर आहे, पोलिसांची भीती बाळगायचं कारण नाही. परळच्या टाटा रुग्णालयात आणि पुण्यात वारज्याला कर्करुग्णांच्या वेदनाशमनाची केंद्रं आहेत, पण जवळच्या जिल्हा रुग्णालयात किंवा कर्करोग रुग्णालयात उपशामक (वेदना आणि त्रास कमी करणारा) विभाग आहे का ते आधी विचारा. म्हाताऱ्या माणसाला एवढा प्रवास कशाला?

पुढे कधी बारा तासांची गोळी दिली तर ती फोडायची, कुटायची नाही. त्वचेवर लावायची औषधाची चिकटपट्टी दिली तर तिला चढायला अर्धा दिवस लागतो आणि ती तीन दिवस चालते, तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही. पण ते पुढचं. आज संध्याकाळी सहाला अर्धी गोळी द्या, वहीत वेळ लिहा, तासाभराने विचारा किती आणे. आणि पोटाचं औषध चिठ्ठीत नसेल तर दवाखाना बंद व्हायच्या आत फोन करून लिहून घ्या.